पेन ड्राइव्हवर गेले की जुने फोटो १९८० चे का होतात?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सध्या जुने कागद आणि फोटो स्कॅन करण्याचं काम बरंच चाललं आहे. वाचनालयं, शाळा, तरुण मंडळं, काही घराणीसुद्धा आपापल्या ट्रंका उघडून बसली आहेत. या कामातून एक तक्रार सारखी येते, म्हणून तिचं उत्तर एकदा सविस्तर लिहितो. संगणकावर फाईलची तारीख २६ डिसेंबर १९२४ अशी व्यवस्थित बसवलेली असते. तीच फाईल पेन ड्राइव्हवर टाकली की तारीख १ जानेवारी १९८० दिसते. परत दुरुस्त केली, परत कॉपी केली, परत १९८०. पेन ड्राइव्ह नवा आणला तरी तेच.

हा व्हायरस नाही आणि पेन ड्राइव्ह खराबही झालेला नाही. फोटोच्या आतल्या मजकुराला काही झालेलं नसतं. त्यामुळे घाबरून फॉरमॅट मारू नका, आणि ‘डिस्क रिपेअर’ नावाखाली मिळणारी सॉफ्टवेअरं तर अजिबात चालवू नका. त्यांनी तारीख परत येणार नाही, बाकीचं मात्र जाऊ शकतं.

होतं असं, की प्रत्येक फाईलसोबत तिच्या तारखा लिहून ठेवायला डिस्कवर ठरावीक जागा राखलेली असते. ही जागा किती आणि मोजणी कुठल्या सालापासून, हे त्या डिस्कची फाईलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, ठरवते. बहुतेक पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं फॅट-३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीची असतात. फॅटमध्ये तारखेला एकूण १६ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहायची १६ घरं, मिळतात : दिवसाला ५, महिन्याला ४, वर्षाला ७. सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे लिहिता येतात, आणि मोजणी १९८० पासून सुरू होते. म्हणजे १९८० ते २१०७ एवढाच पट्टा. १९२४ साल त्यात लिहायची सोयच नाही.

मग लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम काय करते? मापट्यातून धान्य मोजताना काठावरून हात फिरवून वरचं सांडतात, तशी पट्ट्याबाहेरची तारीख काठाशी आणून सोडते. १९२४ असो की १९५६, दोन्ही १ जानेवारी १९८० होतात. लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून, हे वागणं सगळ्या फाईलसिस्टीमसाठी ठरवून दिलेलं आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत फसगत जास्त व्हायची. तारीख मेमरीत बरोबर दिसायची आणि डिस्क काढून परत लावली की भलतीच निघायची. काही कॉपी करणारी साधनं तारीख बसत नाही असं पाहून ती सोडूनच देतात, त्यामुळे फाईलवर कॉपी केल्याच्या क्षणाची तारीख राहते. कारण तेच, दिसणं वेगळं.

दिसणारी तारीख नीट वाचा

अशा तक्रारीत मी पहिल्यांदा एकच विचारतो : नेमकी कुठली तारीख दिसते, आणि वेळ किती? ‘तारीख चुकते’ एवढ्यावरून काही कळत नाही. पण चुकीची तारीख कुठे कापली गेली, हे ती तारीख स्वतःच बऱ्यापैकी सांगते.

१ जानेवारी १९८० दिसली तर फाईल वाटेत कुठेतरी फॅट, एक्सफॅट किंवा झिप यांच्यातून गेलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. झिपकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण झिपमध्ये तारीख लिहायची मूळ पद्धत डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे फॅटचीच आहे, म्हणून तिथेही १९८० चा उंबरठा आहे. पायथनमधून झिप बनवणारे प्रोग्राम तर १९८० आधीची फाईल दिसली की चूक दाखवून थांबतात. फोल्डर झिप करून मेलने पाठवला आणि समोरच्याकडे सगळे फोटो १९८० चे निघाले, तर पेन ड्राइव्हला दोष देऊ नका.

३० नोव्हेंबर १९७९ ही तारीख पाहून लोक चक्रावतात. झिपमध्ये तारखेच्या जागी निव्वळ शून्य लिहिलेलं असलं की काही साधनं ते १९८० सालचा शून्यावा महिना आणि शून्यावा दिवस असं वाचतात. शून्यावा महिना म्हणजे डिसेंबर १९७९, त्याचा शून्यावा दिवस म्हणजे आदल्या महिन्याचा शेवटचा. आलं ३० नोव्हेंबर. त्या झिपमध्ये तारीख कधी लिहिलीच गेली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० ही आपल्याकडची हमखास दिसणारी जोडी. युनिक्स जातीच्या सिस्टीम १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात, पण ती मध्यरात्र जागतिक वेळेची. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून शून्य सेकंद म्हणजे पहाटेचे साडेपाच. अगदी नेमकं ५:३० दिसलं तर समजा, की तिथे शून्य लिहिलं गेलं आहे. मूळ तारीख हरवली असेल, किंवा १९७० च्या खाली न उतरणाऱ्या वाटेने फाईल आली असेल. त्या वाटेबद्दल पुढे लिहितो.

१४ डिसेंबर १९०१ ही १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत लिहिणाऱ्या मोजणीची खालची कड. जागतिक वेळेत ती १३ डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या सुमारास येते, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्याच मोजणीची वरची कड १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कची वरची कड ६ फेब्रुवारी २०४०. आणि १ जानेवारी १६०१ दिसली तर ते विंडोजच्या एनटीएफएसचं शून्य.

यांपैकी एकही तारीख नाही, साल २००९ किंवा २०१५ असं काहीतरी, महिना जानेवारी, तारीख १, वेळ मध्यरात्रीनंतरची थोडी? मग मर्यादेचा प्रश्न नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. शाळेतल्या संगणकांना मे महिन्याची सुट्टी आणि पावसाळ्यातली वीज दोन्ही सोसावी लागतात, त्यामुळे जूनमध्ये हा प्रकार फार दिसतो. सेल बदला, घड्याळ लावा, मग पुढचं काम.

आणखी एक वेगळं काढून ठेवायचं : तारीख बरोबर पण वेळ साडेपाच तास मागे किंवा पुढे. फॅटमध्ये भिंतीवरच्या घड्याळातली वेळ जशीच्या तशी लिहिली जाते, ती कुठल्या देशाची हे लिहायला जागाच नसते. एक संगणक ती भारतीय वेळ समजतो, दुसरा जागतिक समजतो. एक्सफॅटमध्ये ही सोय केलेली आहे. पण एक्सफॅट नवा म्हणून त्यात १९२४ मावेल असं समजू नका, त्याचा पट्टाही १९८० ते २१०७ असाच आहे. अनेकजण पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून आणतात आणि तक्रार तीच राहते, ती यामुळे.

कुठल्या डिस्कवर कुठलं साल मावतं

आपल्या भागातल्या कागदांच्याच तारखा घेऊन सांगतो. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या आणि १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली इथे मराठी साहित्य संमेलनं झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या सगळ्या तारखा लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर बसतात, कारण तिचा पट्टा डिसेंबर १९०१ पासून सुरू होतो. एक्सएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या फाईलसिस्टीमची खालची कडही तीच. एनटीएफएसवर तर त्या बसतातच, तिथे मोजणी १६०१ पासून आहे. फॅट, एक्सफॅट आणि झिप यांत मात्र यातली एकही तारीख बसत नाही.

आता कुणाच्या घरी १८८५ चं मोडी खरेदीखत आहे. ते ईएक्सटी४ वरही बसत नाही, १९०१ च्या कडेला येऊन थांबतं. एनटीएफएसवर बसतं. बीटीआरएफएस या लिनक्सच्या आणखी एका फाईलसिस्टीममध्ये सेकंदांना पूर्ण ६४ बिट दिलेले असल्याने तिथे अडचण नाही. म्हणजे तीन संगणक, एक पेन ड्राइव्ह आणि एक मेल एवढ्या प्रवासात त्याच खताची तारीख तीनदा बदलू शकते. आणि एकदा कापलेली तारीख उलट्या प्रवासात परत येत नाही. १९८० झालेली फाईल एनटीएफएसवर परत नेली तरी ती १९८० चीच राहते.

म्हणून माझं ठाम मत असं : फाईलची ‘बदलल्याची तारीख’ ही कागदाची तारीख ठेवायची जागाच नव्हे. ती जागा संगणकाने आपल्या कामासाठी राखलेली आहे. फाईल शेवटची कधी बदलली, बॅकअप घ्यायचा की नाही, हे ठरवायला. गॅलरीत फोटो कालक्रमाने दिसावेत म्हणून आपण तिथे १९२४ कोंबतो, हेतू चांगला असतो, पण तो आकडा कुठल्याही कॉपीत गळून पडू शकतो.

सीमाभागातल्या कागदांच्या बाबतीत हे गळणं फार महाग पडतं. एखादा ठराव, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा की नंतरचा, यावर तो कुठल्या राज्याच्या कारभारातला आहे हे अवलंबून असतं. कागदाच्या स्कॅनमध्ये तारीख स्पष्ट असेल तर निभावतं. पण फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं साल स्कॅन करायचं राहिलं, आणि फाईलवरचं १९५५ पुसून १९८० झालं, तर तो फोटो कशाचा हे सांगणारं माणूस आपल्यात असेपर्यंतच ती माहिती जिवंत आहे.

तारीख ठेवायची कुठे

पहिली जागा म्हणजे फाईलचं नाव. साल, महिना, दिवस याच क्रमाने, इंग्रजी आकड्यांत, मध्ये आडवी रेघ : आधी चार आकडी साल, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस, आणि पुढे विषय. या क्रमाचा फायदा असा, की नावाप्रमाणे लावलं की आपोआप कालक्रम लागतो, आणि नाव पेन ड्राइव्ह, झिप, मेल, मोबाईल सगळीकडून जसंच्या तसं पार होतं. दिवस माहीत नसेल तर साल-महिन्यावर थांबा. अंदाजाने १ तारीख घालू नका. पुढच्या माणसाला तो अंदाज की नोंद हे कळणार नाही.

दुसरी जागा फोटोच्या पोटात. जेपेग आणि टिफ फाईलींत एक्झिफ नावाची माहिती ठेवता येते. तिथे तारीख सेकंदांच्या मोजणीत नाही, तर अक्षरांत लिहिलेली असते, त्यामुळे १९७० किंवा १९८० चा उंबरठा तिला लागत नाही. शिवाय तिथे दोन वेगळ्या तारखांची सोय आहे : मूळ चित्र कधीचं, आणि ते डिजिटल कधी झालं. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना अगदी हेच हवं असतं. एक्झिफटूल नावाचं मोफत साधन विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि एका आज्ञेत अख्ख्या फोल्डरमधल्या फोटोंना मूळ तारीख लावतं. ‘डेटटाइमओरिजिनल’ या रकान्यात मूळ तारीख आणि ‘क्रिएटडेट’ या रकान्यात स्कॅन केल्याची तारीख, अशी वाटणी ठेवा. पुढे कधी फाईलच्या तारखा १९८० झाल्याच, तर हेच साधन एक्झिफमधली तारीख उचलून फाईलला परत लावू शकतं, अर्थात ती डिस्क ते साल पेलणारी असेल तर.

इथे एक सावधगिरी. मेसेजिंग अॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलं की फोटो दाबून लहान होतो आणि पोटातली ही माहिती बहुधा निघून जाते. गावच्या ग्रुपवर फोटो फिरला आणि तिथून कुणी उतरवून घेतला तर त्याच्यासोबत तारीख आलेली नसते. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाईल आहे तशी जाते.

तिसरी जागा म्हणजे नोंदवही, बहुतेकांच्या बाबतीत एक्सेलची शीट. तिथेही एक कड आहे. एक्सेलची तारखांची मोजणी १ जानेवारी १९०० पासून आहे. त्याआधीची तारीख टाकली तर एक्सेल तिला तारीख मानतच नाही, साधी अक्षरं म्हणून ठेवतं. मग क्रम लावताना १८८५ चं खत १९२४ च्या फोटोच्या आधी न येता यादीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. उपाय सोपा आहे. साल, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा आणि त्यांत नुसते आकडे भरा. चौथा रकाना कागदावर जशी आहे तशी तारीख लिहायला ठेवा : शके, फसली, तिथी, जे असेल ते. शके सालात ७८ मिळवले की इसवी साल येतं, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे. शके १८४६ म्हणजे १९२४ च्या पाडव्यापासून १९२५ च्या पाडव्यापर्यंत. ही आकडेमोड कुणाकडून चुकली तरी चौथ्या रकान्यामुळे ती नंतर तपासता येते.

एवढं झालं की फाईलच्या तारखेला हात लावायची गरज उरत नाही. ती स्कॅन केलेल्या दिवसाचीच राहू द्या.

रोज तेच फोटो परत परत कॉपी होतात

या तक्रारीचं हे दुसरं रूप. बाहेरच्या डिस्कवर आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने रोज बॅकअप घेतला जातो. नवीन काही स्कॅन केलेलं नाही, तरी रोज शेकडो फाईली परत कॉपी होतात, आणि जुनी डिस्क असेल तर रात्रभर चालतं.

आरसिंक दोन्हीकडच्या फाईलींचा आकार आणि तारीख जुळते का ते पाहतो. इकडे १९२४, तिकडे कापली जाऊन १९८०. जुळत नाही, म्हणून कॉपी. कॉपी झाल्यावरही तिकडे १९८० च राहतं, म्हणून उद्या परत.

बाहेरची डिस्क फक्त लिनक्स संगणकालाच जोडायची असेल तर तिच्यावरचं सगळं दुसरीकडे ठेवून ती ईएक्सटी४ करा. विंडोजवरही लावायची असेल तर एनटीएफएस. तेवढं करायचं नसेल तर आरसिंकला तारखेऐवजी फक्त आकार पाहायला सांगणारा पर्याय आहे, किंवा मजकुराची बेरीज ताडून पाहणारा ‘चेकसम’ पर्याय आहे. मी चेकसमच सुचवतो. तो हळू चालतो, पण फोटोत दुरुस्ती होऊन आकार योगायोगाने तेवढाच राहिला तरी ती फाईल सुटत नाही.

तारखा अगदी आजकालच्या आहेत आणि तरी जवळपास निम्म्या फाईली रोज परत जातात, असंही दिसेल. ते सालाचं नाही, सेकंदांचं. फॅटमध्ये वेळेलाही १६ च बिट, त्यांतले ५ सेकंदांना. पाच बिटांत ६० सेकंद मावत नाहीत म्हणून फॅट दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहितं. विषम सेकंदाला बदललेली फाईल पलीकडे एका सेकंदाने सरकते. आरसिंकमध्ये ‘मॉडिफाय-विंडो’ १ ठेवा, विंडोजच्या रोबोकॉपीमध्ये ‘एफएफटी’ हा पर्याय लावा. लगेच थांबतं.

नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर १९७० का

काही संस्थांत एका लिनक्स संगणकावरचं फोल्डर एनएफएस या नेटवर्कवरून फाईली वाटण्याच्या पद्धतीने बाकीच्यांना वाटलेलं असतं. मूळ डिस्क ईएक्सटी४ असते, तिच्यावर १९२४ नीट दिसतं, पण दुसऱ्या लिनक्स संगणकावरून तारीख बसवली की १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०. एनएफएसची तिसरी आवृत्ती सेकंद ३२ बिटांत आणि ऋण चिन्हाशिवाय पाठवते. म्हणून ती १९७० च्या खाली जात नाही, वर २१०६ पर्यंत जाते. चौथ्या आवृत्तीत ६४ बिट आहेत. जोडताना चौथी आवृत्ती मागा, एवढंच.

‘२०३८ पर्यंतच’ असा इशारा

आता वरच्या कडेबद्दल. लिनक्स सुरू होताना नोंदींत एक ओळ येते, की अमुक ठिकाणी जोडलेली फाईलसिस्टीम २०३८ पर्यंतच्याच तारखा पेलते. ही ओळ दर वेळी येते, त्यामुळे लोक एक तर घाबरतात किंवा तिच्याकडे बघणं सोडतात. आज काही बिघडलेलं नाही. डिस्कची वरची कड पुढच्या ३० वर्षांच्या आत येत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधीच सांगून ठेवतो.

३२ बिटांत, एक बिट चिन्हाला गेल्यावर, १९७० पासून २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ सेकंदच मोजता येतात. ते १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी सकाळी संपतात. ईएक्सटी४ ने त्यावर आधीच तोड काढलेली आहे. प्रत्येक फाईलच्या नोंदीला, म्हणजे आयनोडला, २५६ बाइट जागा असेल तर तारखेला दोन जादा बिट मिळतात आणि पट्टा २४४६ पर्यंत जातो. आयनोड १२८ बाइटचा असेल तर ते दोन बिट ठेवायला जागाच नाही.

१२८ बाइटचे आयनोड सापडतात ते मुख्यतः दोन ठिकाणी : पूर्वी ईएक्सटी३ असलेली आणि नंतर ईएक्सटी४ केलेली डिस्क, आणि बूटसाठी केलेलं लहान पार्टिशन. लहान पार्टिशनला १२८ बाइट देण्याची सवय फॉरमॅट करणाऱ्या साधनाने २०२१ मध्ये सोडली, त्याआधीच्या मशीनवर ती दिसणारच. ट्यून२एफएस या आज्ञेला पार्टिशनची माहिती विचारा आणि ‘आयनोड साइझ’ची ओळ पाहा. १२८ असेल तर जागच्या जागी वाढवण्याचा पर्याय कागदावर आहे, पण ‘फ्लेक्स-बीजी’ ही सोय चालू असलेल्या डिस्कवर तो चालत नाही, आणि ईएक्सटी४ म्हणूनच बनवलेल्या डिस्कवर ती सहसा चालू असते. सरळ बॅकअप घ्या, नव्याने फॉरमॅट करा, परत भरा.

एक्सएफएसवर काम सोपं आहे. ‘बिगटाइम’ नावाची सोय लिनक्स ५.१० पासून आली, तिने पट्टा २४८६ पर्यंत जातो. डिस्क सिस्टीमपासून सोडवून (अनमाउंट करून) एक्सएफएस-अॅडमिनने ती चालू करता येते. अट एवढीच, की ती डिस्क नंतर ५.१० पेक्षा जुन्या लिनक्सला लावता येणार नाही. एक्सएफएसची जुनी चौथी मांडणी असेल तर बिगटाइम मिळत नाही.

आपली सिस्टीम नेमकं काय करते हे पाहायचं असेल तर चालू सर्व्हरचं घड्याळ पुढे ढकलून पाहू नका. प्रमाणपत्रं, बॅकअप, हिशेब सगळं गोंधळतं. १०० एमबीची एक रिकामी फाईल करा, तिच्यावर १२८ बाइटच्या आयनोडची ईएक्सटी४ बनवा, ती डिस्कसारखी जोडा, आत एक फाईल ठेवून टच आज्ञेने तिला २०३९ ची तारीख द्या आणि स्टॅटने वाचा. १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७ दिसेल. मग त्याच पद्धतीने २५६ बाइटची डिस्क बनवून फरक पाहा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीनवाल्यांसाठी

वाचनालयातल्या संगणकापेक्षा २०३८ चा हा प्रश्न कारखान्यात जास्त दिवस राहणार आहे, कारण ऑफिसचा संगणक काही वर्षांत बदलला जातो, पण संगणकी प्रोग्रामवर चालणारं सीएनसी मशीन वीस-पंचवीस वर्षं चालतं. आज बसवलेलं मशीन २०३८ मध्ये कामावर असणार. खरेदी करतानाच विक्रेत्याला लेखी विचारा, की मशीनचा कंट्रोलर, म्हणजे त्याच्यातला संगणक, १९ जानेवारी २०३८ नंतरची तारीख घेतो का. विचारायला काही लागत नाही, आणि उत्तर करारासोबत राहतं.

आजची अडचण वेगळी असते. कंट्रोलरची बॅटरी उतरली की त्याचं घड्याळ मागे जातं, आणि मेमरी कार्डावर उतरवलेले सगळे प्रोग्राम एकाच जुन्या तारखेचे दिसतात. मग त्याच जॉबच्या दोन प्रोग्रामपैकी नवा कुठला, हे तारखेवरून कळत नाही, आणि चुकीचा प्रोग्राम चढला तर कास्टिंग वाया जातं. बॅटरी बदलताना मशीनचं मॅन्युअल आधी वाचा. अनेक कंट्रोलरमध्ये प्रोग्राम आणि पॅरामीटर याच बॅटरीवर तग धरून असतात, म्हणून ती वीज चालू ठेवूनच बदलायची असते. त्याआधी सगळं कार्डावर उतरवून घ्या.

आणि प्रोग्रामची तारीख फाईलच्या तारखेवर सोडू नका. प्रोग्राम क्रमांकाच्या ओळीत कंसात टिप्पणी लिहिता येते, मशीन ती वाचून सोडून देतं. तिथे जॉबचा ड्रॉइंग नंबर, सुधारणा क्रमांक आणि साल-महिना-दिवस टाका, ऑपरेटरच्या स्क्रीनवर तेच पहिल्यांदा दिसतं. सुधारणा केली की आधी ही ओळ बदला, मग बाकीचा प्रोग्राम.